पूर्वजांची नोंद कोणी आणि कशासाठी ठेवली?

मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात, डोंगरात, तेव्हा सांतो तोमास इश्तलान म्हटले जाणारे गाव आहे. तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत २२ मार्च १८०६ या तारखेला एक दिवसाच्या बाळाची नोंद झाली. बाळाचे नाव बेनितो पाब्लो, वडील मार्सेलिनो हुआरेझ, आई ब्रिहिदा गार्सिया; दोघे जवळच्याच ग्वेलाताओ गावचे ‘इंदिओ’, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. पुढे दोन्ही बाजूंच्या आजी-आजोबांची नावे आहेत, धर्ममातेचे नाव आहे, आणि तिला तिची कर्तव्ये व या बाप्तिस्म्याने जडलेले आध्यात्मिक नाते समजावून दिल्याचा उल्लेख आहे. हे बाळ पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी चर्चच्या हातून काढून सरकारी अधिकाऱ्याकडे देणारा कायदा २८ जुलै १८५९ रोजी वेराक्रूझहून जारी केला तो याच बेनितो हुआरेझ यांनी. त्यांच्या स्वतःच्या जन्माचा पुरावा मात्र चर्चच्या वहीत आहे, आणि तो फार बोलका आहे. चार-सहा ओळींत तीन पिढ्या आल्या. पण या घराची भाषा झापोतेक होती, हे त्यात नाही. बेनितो यांना बाराव्या वर्षी ओआहाका शहरात येईपर्यंत स्पॅनिश फारसे येत नव्हते. त्यांच्या आईवडिलांची माहिती पाद्रींनी ज्या भाषेत लिहिली ती त्या घरात बोलली जात नव्हती. ‘इंदिओ’ या एका शब्दाखाली झापोतेक, मिश्तेक, नाहुआ असे सगळे समाज एकत्र बसवले गेले. धर्ममातेला नाते समजावल्याचे लिहायला मात्र पाद्री विसरले नाहीत. काय लिहिले गेले आणि काय राहिले यामागे कारण आहे, आणि स्पॅनिश दप्तरांतून कुटुंबाचा माग काढणाऱ्याने आधी ते कारण समजून घ्यावे असे मला वाटते. हे न करता जी वंशवेल काढली जाते, ती बरेचदा चुकीच्या झाडावर चढते.

या वह्या कोणी आपल्या पणतवंडांसाठी ठेवल्या नव्हत्या. स्पेनमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल सिस्नेरोस यांनी तोलेदोच्या धर्मप्रांतात बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा आदेश दिला. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी सगळ्या कॅथलिक जगात बंधनकारक केल्या आणि पुढच्याच वर्षी स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने त्या परिषदेचे निर्णय आपल्या राज्यांना लागू केले. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी विवाहाचा प्रश्न होता. चोरून लागलेली लग्ने, एक बायको असताना दुसऱ्या गावी केलेले दुसरे लग्न आणि निषिद्ध नात्यातले संबंध चर्चला थांबवायचे होते. चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे खापरपणजोबा एक असले तरी, लग्न निषिद्ध होते. आपल्याकडच्या सापिंड्याच्या विचाराशी याचे साम्य मराठी वाचकाला लगेच जाणवेल. याशिवाय बाप्तिस्म्यानेही नाते जडत असे: धर्मपिता किंवा धर्ममाता यांचे त्या मुलाशी आणि मुलाच्या आईवडिलांशी लग्न होऊ शकत नसे. इश्तलानच्या पाद्रींनी धर्ममातेला जे समजावले ते हेच. म्हणजे बाप्तिस्म्याची वही ही पुढे येणाऱ्या लग्नांच्या चौकशीसाठी आधीच करून ठेवलेली तयारी होती. आजी-आजोबांची नावे तिच्यात का येतात, मुलाचे जन्मस्थळ आणि आईवडिलांचे लग्न झाले आहे की नाही हे इतक्या काटेकोरपणे का लिहितात, याचा उलगडा इथे होतो. जन्माची वेळ, घरचा व्यवसाय, आईचे वय यांची पाद्रींना गरज नव्हती, म्हणून या गोष्टी बहुधा सापडत नाहीत.

याचा एक सरळ परिणाम असा की सर्वांत श्रीमंत कागद बाप्तिस्म्याचा नसतो, लग्नाआधीच्या चौकशीचा असतो. लग्नाच्या वहीत दोन-चार ओळींची नोंद असते. तिच्यामागे मात्र पानेच्या पाने भरलेली चौकशी असू शकते. वर आणि वधू दोघांची स्वतंत्र जबानी घेतली जाई: कुठले राहणारे, किती वर्षांचे, कोणाची मुले, यापूर्वी कोणाला वचन दिले आहे का, कोणी जबरदस्ती करते आहे का. मग साक्षीदार येत आणि आपण या माणसाला किती वर्षांपासून ओळखतो, कोणत्या गावापासून ओळखतो, हे शपथेवर सांगत. विधुर असेल तर पहिली बायको केव्हा वारली आणि कुठे पुरली तेही येई. वधू-वर एकमेकांच्या नात्यातले निघाले तर धर्माध्यक्षांकडे सवलत मागावी लागे आणि त्या अर्जात समान पूर्वजापासून दोन्ही बाजूंनी उतरत येणाऱ्या पिढ्यांची आकृती काढून दाखवावी लागे. मेक्सिकोच्या पर्वतराजीतल्या किंवा उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या गावांत शे-दीडशे वर्षे तीच दहा-बारा घराणी एकमेकांत सोयरीक करत राहिली. तिथे असे अर्ज पुष्कळ आहेत. एखाद्या अर्जातली आकृती त्या गावची सर्वांत जुनी वही सुरू होण्याच्याही मागे जाते, कारण ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणावर उभी असते. ज्याला वाटते की आपले घराणे गरीब होते, त्यामुळे कागदोपत्री काहीच नसणार, त्याने ही चौकशी एकदा शोधावी. शेतमजुरालाही लग्न करायचे होते, आणि चौकशी त्याचीही होई.

आता सर्वांत फसवा भाग. मेक्सिकोतल्या मोठ्या धर्मग्रामांत एकाच वेळी वेगवेगळ्या वह्या चालत: स्पॅनिशांची वेगळी, इंदिओंची वेगळी आणि मिश्र वंशाच्या लोकांची वेगळी. मेस्तिसो (स्पॅनिश-इंदिओ), मुलातो (स्पॅनिश-आफ्रिकी), कास्तिसो (स्पॅनिश-मेस्तिसो) अशा जातिनामांचा त्यांत सुळसुळाट असतो, आणि आज घराण्याचा शोध घेणारे अनेक जण ही नावे आपल्या रक्ताच्या प्रमाणाचा हिशेब म्हणून वाचतात. तसे ती वाचता येत नाहीत. वंशाचे नाव लिहिणारे पाद्री समोरच्या माणसाचे बोलणे, कपडे, गावातली पत, धर्मपित्याचा दर्जा पाहत. कधी त्याने सांगितले ते लिहीत. या नावाशी पैसाही जोडलेला होता: इंदिओ आणि मुलातो यांना राजाला वार्षिक खंडणीवजा कर द्यावा लागे, स्पॅनिश आणि मेस्तिसो यांना तो माफ होता. स्वातंत्र्ययुद्धातले नेते होसे मारिया मोरेलोस १७६५ मध्ये वायादोलिदमध्ये, म्हणजे आजच्या मोरेलिया शहरात जन्मले. त्यांची बाप्तिस्म्याची नोंद स्पॅनिश म्हणून झाली आहे, आणि इतिहासकार मात्र त्यांच्या घराण्यात आफ्रिकी व इंदिओ वंशाचे मिश्रण होते असे मानतात. एकाच जोडप्याची पहिली मुले मेस्तिसो आणि पुढची स्पॅनिश लिहिलेली सापडतात. यात पाद्रींचा निष्काळजीपणा शोधण्यापेक्षा त्या घराच्या परिस्थितीत झालेला बदल शोधणे अधिक उपयोगाचे आहे. १८२२ मध्ये स्वतंत्र मेक्सिकोने नोंदींत वंश लिहिण्यास बंदी केली. नागरिकांच्या समतेच्या दृष्टीने ते पाऊल योग्यच होते. पण ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले त्यांचा माग त्या वर्षानंतर कागदावरून पुसट होतो, आणि त्यांना १८२२ च्या मागे जाऊनच तो पुन्हा धरावा लागतो.

आपल्या किनाऱ्याचाही एक धागा या वह्यांत अडकलेला आहे. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाच्या अमलाखाली होते. गोवा, कोचीन, मलाक्का इथले पोर्तुगीज व्यापारी हिंदुस्थानातली माणसे गुलाम म्हणून मनिलाला नेत आणि तिथून वर्षातून एकदा निघणाऱ्या मोठ्या गलबतातून ती प्रशांत महासागर ओलांडून अकापुल्कोला पोचत. मेक्सिकोत उतरलेल्या अशा सर्व आशियाई माणसांना, ती बंगालची असोत, मलबारची असोत की फिलिपिन्सची, दप्तरात ‘चीनो’ म्हणत. पुएब्ला शहरात १६८८ मध्ये वारलेल्या कातारिना दे सान हुआन या बाईची कथा मेक्सिकोत आजही सांगितली जाते. तिचे मूळ नाव मिर्रा होते, ती मोगल मुलखातून पळवली गेली आणि कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, हे आपल्याला तिच्या धर्मगुरूंनी लिहिलेल्या भाविक चरित्रांतून कळते. नोंदवहीच्या चौकटीत ती कोणत्या गावची, कोणत्या भाषेची, कोणाची लेक, या प्रश्नांना जागा नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरून नेलेली किती माणसे त्या ‘चीनो’ नावाआड गेली असतील, हे मोजण्याचा मार्ग उरलेला नाही. १६७२ मध्ये राजाज्ञेने या ‘चीनों’ना गुलामीतून मुक्त करण्यात आले. त्यांची मुले आणि नातवंडे हळूहळू इतर गटांच्या वह्यांत मिसळून गेली. आजच्या एखाद्या मेक्सिकन कुटुंबाला आपल्या अकराव्या पिढीत हिंदुस्थानी स्त्री असल्याचा पत्ता लागला तर तो अशाच एखाद्या जबानीत, ओझरता लागेल.

आडनावाबाबतही असेच सावध राहावे लागते. इंदिओ कुटुंबांत शतकानुशतके आडनावच नव्हते. हुआन दिएगो, मारिया माग्दालेना अशी दोन बाप्तिस्म्याची नावे घेऊन माणसे जगली आणि मेली, आणि एका गावात एकाच वेळी पाच-सात हुआन दिएगो असत. स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये तर आडनावे सरकारने वाटली. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी २१ नोव्हेंबर १८४९ रोजी आदेश काढून सुमारे ६० हजार आडनावांची वर्णानुक्रमे लावलेली यादी प्रांतोप्रांती पाठवली. चार पिढ्या एकच आडनाव लावत आलेल्यांना सूट होती, बाकीच्यांनी आपापल्या गावाला मिळालेल्या पानांतून निवडायचे होते. काही गावांतली बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात ती यामुळे. त्यामुळे तिथे दोन घरांचे आडनाव एक असणे हे नात्याचा पुरावा ठरत नाही, आणि १८४९ च्या मागे आडनावाच्या आधाराने बहुधा जाता येत नाही. गोव्यातल्या तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींत धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रींचे पोर्तुगीज आडनाव घेतले गेले. तिथेही समान आडनावाची घरे परस्परांच्या रक्ताची असतीलच असे नाही, हे गोमंतकीयांना सांगायला नको. अशा ठिकाणी गाव, वाडी, शेजार आणि धर्ममाता-पित्यांची नावे यांची सांगड घालत जावे लागते. गरीब कुटुंबे मुलाला धर्मपिता निवडताना कोणाकडे गेली, हे सलग दहा नोंदींतून पाहिले की घराची ओळख पटते. नुसत्या आडनावाने ती पटत नाही.

सरकारी नोंद चर्चच्या नोंदीपेक्षा अधिक विश्वसनीय असणार, असा एक समज आहे. पेरूने १८५२ मध्ये, मेक्सिकोने १८५९ मध्ये, स्पेनने १८७० चा कायदा करून १८७१ पासून, चिलीने १८८५ पासून ही व्यवस्था सुरू केली. सरकारी नोंदीत जन्माची वेळ येते, आईवडिलांची वये आणि व्यवसाय येतात, साक्षीदार कुठे राहतात ते येते; मृत्यूच्या नोंदीत कारण येते. समासात पुढच्या काळातल्या घटना लिहिल्या जातात: लग्न, नावातली दुरुस्ती, वडिलांनी मूल आपले म्हणून स्वीकारणे. हा समास आधी वाचावा, नोंद नंतर. पण सरकारी कारकुनासमोर लोक येत नव्हते, ही मोठी अडचण आहे. कचेरी तालुक्याच्या गावी, तिथे जायचे म्हणजे मजुरी बुडवायची. आणि पहिल्या काही दशकांत चर्चचा या कायद्याला उघड विरोध होता. मुलाचा बाप्तिस्मा आठवड्यात होई, सरकारी नोंद काही महिन्यांनी, काही वर्षांनी, किंवा कधीच नाही. उशिरा सांगितलेली जन्मतारीख अंदाजाची असते. मग मेक्सिकोत १९२६ ची वेळ आली. राष्ट्राध्यक्ष कायेस यांच्या चर्चविरोधी कायद्यांच्या निषेधार्थ धर्माध्यक्षांनी देशभरातली सार्वजनिक उपासना बंद केली, कॅथलिकांचे क्रिस्तेरो बंड पेटले, आणि १९२९ पर्यंत अनेक भागांत पाद्री लपूनछपून घरांत बाप्तिस्मे देत राहिले. त्या तीन वर्षांत चर्चची वही अपुरी आणि सरकारी नोंदच अधिक भरवशाची असा उलटा प्रकार दिसतो. एकूण काय, कोणती वही खरी हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. दोन्ही वह्या दोन वेगळ्या सत्तांनी आपापल्या कामासाठी ठेवल्या. एकीला मोक्ष आणि विवाहाची शुद्धता सांभाळायची होती, दुसरीला नागरिक, वारसा आणि कर. जिथे दोन्ही जुळतात तिथे आपण निश्चिंत होऊ शकतो. जिथे त्या जुळत नाहीत, तिथे खरा शोध सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल की नोंदी जर अशा हेतूंनी रंगलेल्या असतील, वंश बदलत असेल, आडनाव वाटलेले असेल, तारीख अंदाजाची असेल, तर त्यांच्यावर वंशवेल उभारण्यात अर्थ काय? हा आक्षेप वजनदार आहे, पण तो एक गोष्ट विसरतो. हेतू माहीत असला की त्या हेतूला तडा न जाता जे लिहिले गेले त्यावर विसंबता येते. वंशाच्या नावाबाबत पाद्रींचा आणि पालकांचा स्वार्थ होता. आईच्या आईचे नाव खोटे लिहिण्यात मात्र कोणाचाच फायदा नव्हता, उलट ते चुकले तर पुढे एखादे लग्न रद्दबातल ठरण्याचा धोका होता. म्हणून जातिनामाकडे संशयाने आणि आजीच्या नावाकडे विश्वासाने पाहावे. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांचे उदाहरण घ्या. वहीत ‘वडील अज्ञात’ असे लिहिलेले असते, किंवा उंबऱ्यावर सोडलेल्या मुलाला चर्चचे लेकरू म्हणून नोंदवलेले असते. तिथे शोध संपला असे वाटते. पण तेच मूल वीस वर्षांनी लग्नाला उभे राहिले की चौकशीत नात्याचा प्रश्न येतो, आणि निषिद्ध नाते होऊ नये म्हणून बापाचे नाव कोणीतरी सांगून टाकते. जन्माच्या वेळी ते लपवण्यात हित होते, लग्नाच्या वेळी सांगण्यात.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. तिथे यात्रेला आलेला माणूस स्वतःच आपल्या घराण्याची नावे सांगतो आणि ती वहीत चढतात. सांगणाऱ्याला आपले कुळ जसे मांडायचे तसे तो मांडतो. स्पॅनिश वहीत माणूस एका सत्तेसमोर उत्तरे देत असतो. या फरकाचा फायदा स्त्रियांना झाला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. स्पॅनिश रिवाजात स्त्रीचे आडनाव लग्नानंतर बदलत नाही, मुलाला वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे लागतात, आणि आईच्या आईवडिलांची नावे नोंदीत येतात. त्यामुळे आईची, आजीची, पणजीची बाजू वडिलांच्या बाजूइतकीच मागे नेता येते. मराठीतले कुलवृत्तांत चाळले तर पानोपानी पुरुषांची साखळी दिसते. सुनेचे माहेर कधी लिहिलेले असते, कधी नसते, आणि सासरी बदललेल्या नावामागचे तिचे मूळ नाव बहुधा हरवलेले असते. चर्चने हे स्त्रियांच्या सन्मानासाठी केले नाही, निषिद्ध नाती दोन्ही बाजूंनी मोजायची म्हणून केले. तरी ज्ञान हाती आले ते आले.

दुसरा आक्षेप नवा आहे: डीएनए चाचणी असताना या कागदांचा पसारा कशाला? चाचणीने दूरचे नातलग सापडतात आणि कागदातली लपवाछपवी कधी कधी उघडी पडते, हे खरे. पण प्रत्येक पिढीत वारसा निम्मा होत जातो. दहा पिढ्या मागे आपले १,०२४ पूर्वज होतात आणि त्यांतल्या अनेकांचा एकही तुकडा आपल्या गुणसूत्रांत उरलेला नसतो. चाचणी कोणाचे नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. शिवाय जिथे पिढ्यान् पिढ्या गावातल्या गावात लग्ने झाली, तिथे दोन माणसांचा समान वारसा अनेक वाटांनी आलेला असतो आणि चाचणीत ती प्रत्यक्षापेक्षा जवळची नातलग भासतात. हा भास ओळखायला त्या गावचे सवलतीचे अर्जच लागतात.

आज या शोधाला भावनेखेरीज व्यवहाराचेही बळ आहे. स्पेनने २०१५ मध्ये कायदा करून पंधराव्या शतकात हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाचा मार्ग काही वर्षांसाठी खुला केला. २०२२ च्या लोकशाही स्मृती कायद्याने मूळ स्पॅनिश असलेल्या आजी-आजोबांच्या नातवंडांना तशी संधी दिली. लॅटिन अमेरिकेतली असंख्य कुटुंबे त्यामुळे आजोबांचे गाव शोधू लागली. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जुन्या नोंदी शोधतात, त्याचीच ही मोठी आवृत्ती. साधनेही हाताशी आली आहेत. युटाच्या वंशावळी संस्थेने गेल्या शतकाच्या मध्यापासून मेक्सिकोतल्या चर्चच्या आणि सरकारी वह्यांची सूक्ष्मफिल्म केली, आणि त्या प्रतिमा आता बऱ्याच प्रमाणात घरबसल्या पाहता येतात. पण सूचीत नाव टाइप करून उत्तराची वाट पाहणे हा शोधाचा सर्वांत कमकुवत भाग आहे. सूची करणाऱ्याने जुने अक्षर चुकीचे वाचलेले असते, धर्ममातेचे नाव तर बहुधा घेतलेलेच नसते, आणि तेच आपल्याला हवे असते. स्वतःपासून मागे एकेक पिढी जात, प्रत्येक पायरीवर मूळ पानाची प्रतिमा आणि तिच्या पुढची-मागची पाने वाचत जाणे, ही संथ रीतच टिकते.

शोध कुठे करायचा हेसुद्धा वही ठेवणाऱ्या सत्तेवरूनच ठरते. आज मॉन्तेरे हे नुएव्हो लेओन राज्यातले शहर आहे, म्हणून तिथल्या घराण्याचे कागद मॉन्तेरेतच शोधावेत असे कोणालाही वाटेल. पण १७७७ पर्यंत तो सारा ईशान्य भाग, पार टेक्सासपर्यंत, ग्वादालाहाराच्या धर्माध्यक्षांच्या अधिकारात होता. नात्यातल्या लग्नाची सवलत ते देत, म्हणून अर्जही त्यांच्याकडे जात. त्यामुळे मॉन्तेरेकडच्या एखाद्या जोडप्याच्या बाप्तिस्म्याची वही त्यांच्या गावात असते, आणि दोघांचे समान पणजोबा दाखवणारी आकृती कित्येक दिवसांच्या वाटेवरच्या ग्वादालाहाराच्या दप्तरात.